नोंदवही

खडकी बाजारातल्या अत्तारनं दोन मासे फुकट दिले.
गिऱ्हाइकानं परत आणून टाकले होते: फार मारकुटे.
काळे-करडे पट्टे, म्हणून नाव कॉन्व्हिक्ट सिक्लिड. कैदी.
मी म्हटलं, दे.
एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलाय.
कुणी अंगावर आलं तर
आधी काटा बघायचा,
तोंड मागाहून.

बोपोडीत पहाटे पाचला वही उघडली.
पाषाणला आठ अंश, हे उद्या पेपर सांगेल.
काचपेटीत एकोणीस.
नर फुटक्या कुंडीच्या आडोशाला, पोट वाळूला टेकवून.
खाणं टाकलं, ते त्याच्या नाकावरून खाली गेलं.
मादी शेपटीला घासून गेली
तरी पर हलला नाही.
हिरा म्हणाली, किती गुण्यागोविंदानं राहतात बघा.
मी लिहिलं:
सलोखा नाही. गारठा.

मग हीटर. शंभर वॉटचा, काचेच्या नळीतला.
रोज एक अंश, जास्त नाही.
गार बॉयलरखाली एकदम जाळ घातला
तर शिवणी उसवतात, हे मला कुणी शिकवायला नको.
बावीस: नर कुंडीबाहेर आला.
चोवीस: खाल्लं. परत मागितलं.
सव्वीसला मादीचं पोट नारिंगी झालं,
राखेखाली धरून ठेवलेल्या निखाऱ्यासारखं,
आणि दोघांनी घर काढलं:
तोंडात एकेक खडा धरून
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
दिवसभर, वर मुकादम नसताना.
सत्तावीसला खापराच्या आतल्या अंगाला अंडी,
राजगिऱ्याएवढी, ओळीनं.
मादी परांनी पाण्यालाच वारा घालते.
नर पहारा देतो, काचेला बोट लावलं की बोटावर येतो.
हिरा हसली. मीही.
त्या पानावर भज्याच्या तेलाचा डाग आहे.

गुरुवार. दुपारपर्यंत लाइट नाही.
आम्ही तळेगावला, साखरपुड्याला.
लाइट आली आणि हीटरच्या आतला कॉन्टॅक्ट
चिकटला तो चिकटलाच.
रात्री दहाला कुलूप काढलं तेव्हा तेहतीस.

पाणी तेच, काच तीच, जोडी तीच.
नर तिला कोपऱ्यात दाबून चावत होता,
शेपटीच्या चिंध्या,
खापरावर एकही दाणा शिल्लक नाही.
मधूनच दोघं वर यायचे,
पाण्याच्या पापुद्र्याला तोंड लावून शेजारी शेजारी धापा टाकायचे,
आणि पुन्हा खाली.

हिरानं बर्फाचा ट्रे आणला. नको म्हटलं.
प्लग काढला. माठातलं पाणी,
एका वेळी एक फुलपात्र,
दोन वाजेपर्यंत.
ती ओतत होती, मी पारा वाचत होतो.

मे चौऱ्याण्णव. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेला,
हॉलमध्ये अठ्ठेचाळीस.
दशरथ वाघ काहीतरी बोलला. काय, ते आठवत नाही.
मी पाना उचलला.
चौकशीत विचारलं: भांडण जुनं होतं का? दारू? पैसे?
तिघं साहेब, टेबलावर पंखा,
एकानंही त्या दिवशीचं तापमान विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही. सबब वाटली असती.
अजूनही वाटते. सव्वीस अंशात
पाना उचलणारे मी पाहिलेत.

पहाटे सत्तावीस.
मादीनं एक खडा उचलला, टाकला, पुन्हा उचलला.
नर लांबून बघतोय.
वहीत एक रकाना आहे, 'स्वभाव' म्हणून,
हिरानं पट्टीनं आखलेला. तो मी कोरा ठेवतो.
शेवटच्या पानावर मात्र लिहून टाकलं:
१९९४, बॉयलर हॉल, अठ्ठेचाळीस.

वाघ थेरगावला असतो म्हणे.
डाव्या कानानं ऐकू येत नाही त्याला.
उजव्या बाजूला बसावं लागेल.