खाली कोण दितलो

सर्जेकोटच्या जेटीमागं बर्फाचा कारखाना,
त्याच्या माथ्यावर माझी भाड्याची खोली.
कॉम्प्रेसर सुरू झाला की टेबल थरथरतं,
चहावर बारीक वर्तुळं उठतात.

दोन यंत्रं, मधे एक केबल.
इकडून मी सांगते: थांब.
तिकडे कर्नल थांबतो,
घड्याळासकट.
त्याच्या लेखी काहीच झालेलं नसतं.
मी मात्र दोनदा जेवून आलेली असते.

अठ्ठावीस दिवस तोच प्रश्न हातानं टाईप केला:
ही प्रोसेस दाखव. तिच्या पुढची. तिच्याही पुढची.
एकदा पत्त्यातला एक आकडा चुकला
आणि पहाटेपर्यंत
भलत्याच घरात चोर शोधत बसले.

मग ठरवलं, डीबगरलाच थोडी भाषा शिकवायची.
जर. तर. तोवर.
एवढं आलं तरी पुष्कळ.

पहिली स्क्रिप्ट गेली ती गेलीच.
वाटेत तिनं जराशी मेमरी मागितली,
आणि मेमरी देणारा तर मीच गोठवलेला,
कोठाराची किल्ली मुठीत धरून.

त्या दुपारी बिपिन आडकरच्या पंख्यात जाळं अडकलं.
कोयती दातांत,
दोरीचं एक टोक कमरेला, दुसरं पोराच्या हातात,
गढूळ पाण्यात तो दिसेनासा झाला.
पोरगा मोठ्यानं आकडे मोजत होता.
साठाला ओढायचं,
कापून झालेलं असो नसो.

वर आल्यावर मी विचारलं, कोयती बोथट निघाली असती तर?
खारं पाणी थुंकत तो म्हणाला,
"थंय खाली कोण दितलो?
व्हया ता वांगडाच घेवन जावचा."

दुसऱ्या स्क्रिप्टला मी शिदोरी बांधून दिली:
चार हजार शहाण्णव बाइट, आधीच राखून ठेवलेले.
कमरेला दोरी: दहा हजार पावलं, मग ओढणारच.
आणि बजावलं, कशाला हात लावू नकोस,
नुसतं बघून ये.

रात्री पावणेतीनला आली.
तीन हजार सातशे बारा दारं ठोठावून
एकच नाव आणलं होतं तिनं:
कुलूप लावून कधीच निघून गेलेला कुणी,
वहीत मात्र अजून हजर.

मी कर्नलला म्हटलं, चल.
तो अर्धवट राहिलेल्या सूचनेपासून पुढं चालू लागला,
विचारलंसुद्धा नाही, किती वाजले.

खाली ट्रॉलरवर बर्फ चढत होता.
आडकरचा पोरगा लाद्या मोजत होता,
तितक्याच मोठ्यानं.
साठ झाले.
एकसष्ट म्हणताना तो जरासा अडखळला.