इतर

आदेश आला: गौरव समारंभ आहे,
प्रत्येक शाळेनं वर्षभराची कामगिरी कळवावी,
सहा ओळी, युनिकोडमध्ये, गुरुवारपर्यंत.
संकलन माझ्याकडे. माझ्याकडेच असतं.

आल्या.
हडपसरची नऊ मुलं शिष्यवृत्तीत;
त्यांनी अकरा लिहिली होती, मी यादी लावून पाहिली.
बोपोडीच्या मुलींनी खो-खोत
एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेला डावानं हरवलं,
आणि खाली, मर्यादा मोडून, सातवी ओळ:
अनवाणी.
ती मी राहू दिली.
येरवड्यात पट इतका वाढला
की चौथी ब आता जिन्याखाली बसते.
कामगिरी की तक्रार, वाक्यावरून कळेना,
मी कामगिरीत घेतलं.
कोंढव्याच्या उर्दू शाळेतल्या जुवेरिया अत्तारनं
प्रदर्शनात एक मीटर मांडलं,
टँकर खरोखर किती लिटर ओततो ते सांगणारं.
परीक्षकांनी दुसरा नंबर दिला.
टँकरवाल्यानं गल्ली बदलली.

ताडीवाला रोडच्या शाळेनं दोनच शब्द पाठवले:
लागू नाही.

फोन केला. "असं चालत नाही, दुधाणे बाई. काहीतरी असेलच."
"आहे की. तुमच्या रकान्यात बसत नाही.
डबा खाऊन झाला की या."

गेलो. मालधक्क्यापाशी रिक्षा अडली, पुढे चालत.
बाईंनी चहा विचारला नाही, व्हरांड्यात उभं केलं.
आत सातवीच्या मुली अपूर्णांकांशी भांडत होत्या.
"मोजा," म्हणाल्या.
तेवीस.
"गेल्या वर्षी या वेळेला सहा असायच्या.
मधल्या सुट्टीत घरी जायच्या, त्या जायच्याच."
मी अंदाज करत राहिलो:
नवीन शिक्षिका? टॅब? खिचडीत काही बदल?
बाईंनी व्हरांड्याच्या टोकाकडे बोट केलं.

मुलींच्या स्वच्छतागृहाला
आतून कडी लागली होती.

पितळी, कुणाच्या तरी जुन्या दाराची.
शिपाई मनोहर गवंडी रविवारी जुन्या बाजारात गेला,
घासाघीस करून साठ रुपयांत घेऊन आला,
स्क्रू घरचे.
"तुमच्याकडे अर्ज केला होता," बाई सहज म्हणाल्या,
"मग म्हटलं, जाऊ दे."

परत येऊन कपाट उघडलं.
तिसरा कप्पा, गुलाबी फीत.
आवक क्रमांक, चौदा महिन्यांपूर्वीची तारीख,
विषय: कडी बसवणेबाबत.
खाली शेरा: तरतूद पाहून सादर.
त्याखाली माझी सही.
अक्षर चांगलं आहे माझं. सगळे म्हणतात.

समारंभाला झेंडूच्या माळा होत्या,
हडपसरची नऊ मुलं एका रांगेत,
नव्या शर्टांवर पुठ्ठ्याच्या घड्या अजून तशाच.
बोपोडीच्या मुलींना बूट मिळाले होते,
त्या दुसऱ्या कुणाचे पाय घेऊन चालल्यासारख्या
स्टेजवर आल्या, आणि उतरताना
कप्तान हिराली पारधे बूट हातात घेऊन उतरली.
टाळ्या खऱ्या होत्या. मीही वाजवल्या,
तळहात लाल होईपर्यंत. उगाच नाही सांगत.

मग निवेदकानं वाचलं, मी टाईप केलेलं,
'इतर' या रकान्यातून:
ताडीवाला रोड. कडी बसली.
सतरा मुली आता दुपारी थांबतात.
तो अडखळला. पान उलटून पाहिलं,
पुढे काही आहे का.
नव्हतं.
पहिल्या रांगेत कुणी हललं नाही.
मागून, जिथे आया बसल्या होत्या,
बांगड्यांसकट एक टाळी आली.
मग दुसरी. मग ती बाजूच उठली.
मनोहर दाराशी पाण्याचे जार मोजत होता,
त्यानं मान वर करून पाहिलं, काय झालं म्हणून.

सोमवारी मी ती फाईल निकाली काढली.
काम पूर्ण.
कोणामार्फत: म. गवंडी, शिपाई.
पुढे सवयीनं 'तरतूद पा' एवढं लिहून झालं,
ते खोडलं.
खोडलेलं चांगल्या अक्षरातलंसुद्धा दिसतंच.
त्याच्या बाजूला लिहिलं:
साठ रुपये देणे आहे.
स्क्रू वेगळे.