काट्याचा आवाज

दोनातोनं भोपळा दारात ठेवला आणि म्हणाला,
आज गुरुवार. गुरुवारी न्योकी.
मी म्हटलं, गुरुवारी माझा उपास असतो.
मग संध्याकाळी सोड, म्हणाला,
आणि बूट काढून थेट ओट्याशी.

मला वाटलं, इटालियन माणूस, त्याला येत असणार.
त्याला वाटलं, भारतीय माणूस,
पिठात हात घालायला कचरणार नाही.
बेडफर्डच्या या गल्लीत सतरा वर्षं भिंतीला भिंत लावून
एवढंच ओळखत होतो आम्ही एकमेकांना.

भोपळा उकडला. तिथंच चुकलं.
उकडताना भोपळा पाणी पितो आणि कुणाला सांगत नाही.
मैदा घातला, आणखी घातला,
गोळा परात सोडेना, बोटं सोडेना,
दोनातोच्या घड्याळाच्या पट्ट्यालाही लागला.
पहिल्या आठ उकळत्या पाण्यात सोडल्या.
पाण्यात पडलं की पोहता येतं, म्हणतात.
आठही विरघळल्या.
पातेल्यात नुसता नारिंगी गढूळपणा,
पुरातल्या ऊज नदीसारखा.

तेव्हा त्यानं कबूल केलं:
चव्वेचाळीस वर्षं खाल्ली, केली एकदाही नाही.
वीटभट्टीवरून येऊन तो बाहेरच्या खोलीत
पेपर धरून बसायचा. आतून फक्त आवाज यायचा.
आसुंता एकेक गोळी काट्यावरून घसरवायची,
ती फळीवर पडायची.
टक्.
जरा थांबून,
टक्.
ती गेल्यावर पाकिटातली आणून पाहिली.
मुकी होती ती, म्हणाला.

मग मीही सांगितलं.
सिन्नरला, ताईच्या लग्नाआधी,
बायका रुखवतासाठी गव्हले, बोटवे, नखुले वळत होत्या.
कमळामावशी रव्याची कणी नखावर दाबायची,
आणि कणीवर नखाची कोर उमटायची.
नऊ वर्षांचा मी. हात पुढे केला,
तर सगळ्या हसल्या: काय रे, नवरी व्हायचंय?
तो हात खिशात घातला
तो बहुधा आजच बाहेर काढला.

उरलेल्या भोपळ्याच्या फोडी भट्टीत ठेवल्या,
कडा काळ्या होईपर्यंत, पाणी आटेपर्यंत.
सुरकुतलेले जुने बटाटे सालीसकट भाजले,
हात पोळत चाळणीतून काढले.
पीठ मागेल तेवढाच मैदा.
हे वाक्य माझ्या तोंडून आलं;
कुठून आलं, विचारू नका.

मी काटा धरला. दोनातो उठून बाहेरच्या खोलीत गेला,
पेपर शोधला, मिळाला नाही,
गॅसचं बिल धरून बसला.
टक्.
नाही, तिकडून आवाज. जड आहे.
टक्.
नाही. घाई करतोस.
अंगठा सैल सोडला. गोळी आपली आपण वळू दिली.
टक्.
तिकडून काहीच नाही.
टक्.
काहीच नाही.
मी डोकावलो नाही. परात संपत आली तरी
बाहेरून 'नाही' आलं नाही.

शेवटच्या वीस-बावीस त्यानं येऊन केल्या, काट्याविना.
त्याच्या अंगठ्याला नख नाही, विटांच्या साच्यात गेलेलं.
त्याच्या गोळ्यांवर नुसता खळगा,
माझ्या दोन-चारांवर चुकून कोर.
पाण्यात सोडल्या. बुडाल्या.
दोघं पातेल्यावर वाकलो, वाफेनं चष्मे आंधळे,
म्हणून पहिली कोणाची वर आली
ते कळलं नाही.

लोणी, त्याच्या कुंडीतली चार खरखरीत पानं, मीठ.
उपास सुटला तेव्हा सव्वानऊ झाले होते.
मीठ कमी होतं. दोघंही बोललो नाही.

पुढच्या गुरुवारी बीट, म्हणाला तो,
आणि बुटात पाय घालता घालता
काटा कोटाच्या खिशात टाकला.
माझा होता काटा.
सहाच्या संचातला.
राहू दे.