पंचवीस आणि चाळीसच्या मध्ये

समुद्र पुरता गोठला की आमच्या हियुमा बेटाकडे
बर्फावरून गाडी नेता येते, अंधाराआधी.
वाटेच्या तोंडाशी केबिनमधला माणूस
नंबर लिहून घेतो आणि दरवर्षीचं तेच सांगतो:
पट्टे काढा. वाटेत थांबू नका.
वेग पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर.
मधला नको. मधल्या वेगाला खालचं पाणी ताल धरतं,
लाट होतं, आणि बर्फाला आतून उचलतं.

मागच्या सीटवर लोरे. सहा वर्षं चार महिने.
कोपरांना निळ्या पट्ट्या, हात सरळ,
कुणीतरी घडी न घालता ठेवलेल्या कपड्यासारखे.

दीड वर्षाची होती तेव्हा चमच्यानं खायची.
माझ्या कोटाचं बटण धरून म्हणायची, न्योप.
आधी न्योप गेलं. मग चमचा.
हात उरले, पण कामावरून काढल्यासारखे;
छातीशी येऊन एकमेकांना धूत बसले,
पाणी नाही, साबण नाही,
सकाळपासून दिवे लागेपर्यंत तीच धुणी.
अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं ओलं राहून सोलतं.
सासूबाईंनी विणलेले मोजे तिथंच विरले,
त्यांनी पुन्हा विणले, काही न बोलता.

आजाराचं मूळ सापडलं ते चार अक्षरं आणि एक आकडा,
एखाद्या गाडीच्या नंबरासारखं.
कुणी लिहून घेतला, कुठल्या केबिनीत, माहीत नाही.

दवाखान्यानं तक्ता दिला होता.
हालचाल कधी. किती वेळ. आधी काय घडलं. नंतर काय.
आधी: ती जागी झाली.
नंतर: ती झोपली.
रायवो म्हणाला, असं लिहून कसं चालेल?
मग त्यानंही आठवडाभर भरून पाहिला.

हाप्सालूच्या युल्लेबाईंनी पट्ट्या मापानं शिवल्या.
रोज वीस मिनिटं, म्हणाल्या, बघू या.
हात थांबले.
आणि दातांनी दळण काढलं.
जात्याचा तो आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा.
श्वास धरून ठेवायची, ओठ निळसर होईतो,
मग सोडायची, जणू आम्हालाच सोडवलं.
पण खोटं कशाला बोलू?
त्याच वीस मिनिटांत, एका मंगळवारी,
तिनं माझ्याकडे पाहिलं. कोटाकडे नाही, माझ्याकडे.
मी मनात नऊ मोजले.
त्या नवांसाठी मी पट्ट्या अजून फेकल्या नाहीत.

आज युल्लेबाई म्हणाल्या, गाडीतही राहू द्या.
राहू दिल्या. बंदरापर्यंत दळण चालू होतं.
केबिनमधला माणूस म्हणाला, पट्टे काढा.
मी उतरून मागचं दार उघडलं,
सीटचा पट्टा सोडला,
आणि हात होताच तिथं, म्हणून तेही सोडले.
वेल्क्रोचा चर्र आवाज. माणसानं मान वळवली,
विचारलं काहीच नाही.
दार उघडताच दोन शेजारणी भेटाव्यात
तसे तिचे हात एकमेकांत गेले.
जातं थांबलं.

वाटेच्या कडेला जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या असतात,
धुक्यात चुकू नये म्हणून.
एक फांदी, पिळा.
दुसरी फांदी येईतो अकरा पिळे, कधी बारा.
मी बावीसवर काटा धरला होता.
बर्फ मध्येच कण्हायचा, लांबून, जाड आवाजात,
वडील म्हणायचे, बोलतोय तोवर भिऊ नका.
आरशात तिचं डोकं खिडकीला टेकलेलं,
डोळे पांढऱ्यावर कुठंतरी,
हात आपल्या चालीनं.
त्यांचा वेग कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही.
कोणत्या वेगाला तिच्या आत लाट उठते
ते मला ठाऊक नाही. युल्लेबाईंनाही नाही.
थांबायला मनाई होती, म्हणून आम्ही दोघी थांबलो नाही.

बेटावर चढल्यावर पट्टा पुन्हा लावला.
निळ्या पट्ट्या सीटवर आडव्या पडल्या होत्या,
आत कुणी नसूनही कोपरात ताठ.
रायवो अंगणात बर्फ ओढत होता.
वाट कशी होती, म्हणाला.
बावीसनं आले, मी म्हटलं.
त्यानं फावडं भिंतीला लावलं
आणि तिचे दोन्ही हात, चालू असतानाच,
आपल्या हातमोज्यांच्या ओंजळीत घेतले.
धरले नाहीत. नुसते घेतले.