खार

रुवीच्या हॉटेलातला इस्लामुद्दीन
कृती सांगत नाही, हवेत हात हलवतो:
तेल धुरावेपर्यंत थांब,
मग कलौंजी, बडीशेप, मेथीचे चारच दाणे,
पाचवा पडला तर तुझं तू निस्तर.

शुक्रवार. एक शेगडी, सहा जण.
माझी पाळी दहा ते पावणेअकरा.
वांगी परतली. दही फुटलं.
हॉटेलातलं ते काहीतरी येईना.

मग कपाटातून बरणी काढली,
विमानतळावर तिघांनी हुंगलेली.
तळाशी बोटभर खार,
रंग गेलेली एक कोय.
विसळून सगळं ओतलं.

रात्री ड्युटी संपवून तो वर आला.
"हॉटेलसारखं नाही झालं," म्हणाला.
खुबूस संपला, तरी
बोटाने ताट पुसत राहिला.