अंगठा उमटत नाही

बँकेतला मुलगा म्हणतो, मावशी, पुन्हा ठेवा.
मी पुन्हा ठेवते.
पुसून ठेवा. पदराला पुसून ठेवते.
डावा बघू. डावाही नाही.
यंत्रावर लाल दिवा, मागे रांगेत कुणाचा तरी खोकला.
नोव्हेंबर आहे, हयातीचा दाखला हवा आहे,
आणि मी आहे असं यंत्राला काही केल्या पटत नाही.
काय काम करायचात तुम्ही?

नोटा मोजायचे, म्हणते.
इथेच, नाशिकरोडच्या छापखान्यात. तेहेतीस वर्षं.
तो हसतो. त्याला वाटतं, म्हातारी गंमत करते आहे.

मोजायचे म्हणजे खोट काढायचे.
शाई पसरलेली, आकडा सरकलेला,
कापताना कडेला केसभर गेलेला तिरपेपणा.
ओला स्पंज, कोरा कागद, अंगठा, अंगठा, अंगठा.
गड्डी कानाशी फडफडवली की
आवाजातच कळायचं, एक कमी आहे.

आणि सकाळी गेटवर
आपापले पैसे काढून ठेवायचे, बरं का.
दहा-वीस असतील ते, पाकिटावर नाव घालून.
आत चहा कुपनावर, भजी कुपनावर,
पदराच्या गाठीत चार आणे सापडले तरी चौकशी.
कोट्यवधींच्या मधोमध आम्ही
आठ तास बिनपैशाच्या बायका.
प्रफुल्ल, माझा जावई, सांगतो
आता कॅशलेसचं युग येणार.
येऊ दे बाबा. मी तिथूनच रिटायर झाले.

त्याचं सगळंच खोटं नाही.
एसटीच्या तिकिटामागे कंडक्टरने लिहून दिलेले
माझे कितीतरी रुपये सिन्नरला उतरताना राहून गेलेत.
सुट्ट्यांऐवजी वाण्याने दिलेल्या गोळ्या
मला डायबेटिस होईपर्यंत मी खाल्ल्या.
गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात हौसाबाई
मेथीच्या जुड्यांवर चौकोनी ठिपक्यांची पाटी टेकवून बसते.
पूर्वी नोट उन्हाला धरून बघायची,
आता डबीकडे कान लावते.
डबी बोलली की मेथी सुटते.
डबी खोटं बोलत नाही, म्हणते,
फक्त तिचं भाडं दर महिन्याला कापतात मेले.

पण शेजारची मालन.
निफाडकडे द्राक्षं खुडायला जाते.
आधी मजुरी हातात पडायची,
घरी येईस्तोवर त्यातली पन्नासाची एक
तूरडाळीच्या डब्यात तळाशी जायची.
त्या डब्यातून पोरीची वह्या-पुस्तकं आली,
एकदा तर दवाखाना आला.
आता मजुरी थेट खात्यात,
आणि फोन एकच घरात, नवऱ्याच्या खिशात.
ती मळ्यात वाकलेली असते
तेव्हा बिटकोच्या चौकात त्याची मांडी थरथरते :
जमा.
डाळीच्या डब्यात आता डाळच आहे.
प्रफुल्लला हे सांगितलं.
तो म्हणाला, तिला दुसरं खातं काढून द्या.
बरोबरच आहे. सोप्पं आहे.
मग बराच वेळ आम्ही दोघं टीव्ही बघत बसलो.

मी मुलाला म्हणते, एक नोट दे जरा. कुठलीही.
तो खिसे चाचपतो. पाकीट उघडतो,
त्यात तीन कार्डं आणि देवीचा फोटो.
बँकेत, बघा, बँकेत.
शेवटी दारातला वॉचमन दहाची काढतो,
चार घड्यांची, तंबाखूच्या वासाची.
मी उलगडते. अंगठा आपोआप कडेवरून फिरतो.
कड सरळ आहे. आकडे जागच्या जागी.
कुणीतरी नीट बघून सोडली आहे.
हिच्यासारख्यांनीच माझ्या रेघा नेल्या,
थोड्याथोड्या, कुणाच्या कुणाच्या खिशात.
हे मी बोलत नाही. मागे रांग आहे.
नोट घडी घालून परत देते.

डोळ्याचं मशीन आहे, मुलगा म्हणतो,
पण ते मंगळवारी येतं.
म्हणजे मी आहे की नाही
ते मंगळवारी कळेल.

बाहेर रिक्षावाला बसायच्या आधीच विचारतो,
सुटे आहेत का?
आहेत.