हजेरी

पहाटे साडेचारला, बहारिनच्या सित्रा बेटावर,
कॅम्पच्या फाटकाशी बस धूर सोडत उभी असते
आणि मी, हनोख वाकरूळकर, टाइमकीपर,
पुठ्ठ्याला कागद लावून माणसं मोजतो.

आई म्हणायची, माणसं मोजू नयेत रे.
मलिद्याच्या रात्री ओसरीत जमलेल्यांवरून
ती नुसती नजर फिरवायची:
नाही एक, नाही दोन, नाही तीन…
वर शेजारच्या कुणब्याचा दाखला द्यायची,
खळ्यावर तोसुद्धा पहिल्या पायलीला एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो.
पूर्वी म्हणे शिरगणतीला दरेकाकडून अर्धं नाणं घेत,
सावकाराचंही अर्धंच.
अर्धं का गं?
पोह्यांत गूळ-खोबरं कालवत ती म्हणायची,
"उरलेलं अर्धं शोधायलाच तर जन्म आहे."

आठवडाभर मी मोजतो. पोटाचा प्रश्न आहे.
शनिवारी मात्र पेन उचलत नाही.
माझा पणजा शनिवारी घाण्याचा बैल सोडून द्यायचा,
गाव त्याला शनिवार तेली म्हणायचं.
मला बस सोडता येत नाही.
एवढंच जमतं: कागद कोरा ठेवतो,
नावं तोंडपाठ घेतो.
राजिंदर. थंकप्पन. मोतालेब. दिलबहादूर.
कुणी जांभई देत, कुणी डब्याचं झाकण दाबत
म्हणतो: हजर.
आमच्या मूळपुरुषाला हाक आली, डोंगर चढण्याआधी,
तेव्हा तोही एवढंच म्हणाला होता.

जूनमध्ये मोतालेब पाइपलाइनीवर कोसळला.
सोमवारी त्याच्या खाटेवर दुसरा आला.
तक्त्यात सेहेचाळीस होते, सेहेचाळीसच राहिले.
ऑफिसनं शिक्का मारला.

मेलेल्यासाठीची आमची प्रार्थना म्हणायला दहा जण लागतात.
माझे दहा इथे कधी जमले नाहीत.
आणि तो तर नोआखालीचा, त्याची दुआ वेगळी.
पण त्या शनिवारी, हातात पेन नसताना,
थंकप्पननंतर जीभ आपसूक त्याच्यावर गेली.

बसचं इंजिन चालू होतं.
मागच्या बाकावरून, अंधारात,
कुणीतरी म्हणालं: हजर.

तेव्हापासून दर शनिवारी कुणीतरी म्हणतं.
आवाज दरवेळी वेगळा असतो.

संध्याकाळी पुलावर तीन तारे दिसले
की मी पेनचं टोपण काढतो,
दिवसाचा आकडा भरतो, सेहेचाळीस,
आणि आधी, ओठांतल्या ओठांत,
नाही.